शेतकऱ्याच्या घरातला आमदार आणि त्याचं दप्तर

प्रश्न विचारणारा तरुण शेतकरी कुटुंबातला आहे आणि त्याने तीन गोष्टी एका दमात विचारल्या आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले ते कशाच्या जोरावर? हाताशी पैसा नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आज आमदारकी जमेल का? आणि आमदार नेमकं करतो तरी काय, कारण त्याच्या गावचा पाणंद रस्ता शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी अडवला, आमदारांकडे चार खेपा झाल्या, रस्ता आहे तसाच बंद आहे.

मी जवळपास वीस वर्षं एका दुष्काळी तालुक्याच्या आमदारांचा स्वीय सहाय्यक होतो. त्यातली पाच वर्षं ते पडलेले असतानाची, म्हणजे बिनपगारी. ते आता नाहीत. त्यांचं नाव सांगत नाही, कारण आपल्या नावावर कुणी काही खपवलेलं त्यांना चालत नसे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

आधी आबासाहेबांचं, म्हणजे गणपतरावांचं. त्यांच्याबद्दल मोबाईलवर फिरणारं बरंच काही निम्मं खरं असतं. ते १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही अवघ्या १९२ मतांनी. १९९९ ला परत आले आणि २०१४ ला अकराव्यांदा जिंकले तेव्हा वय होतं ८८. महाराष्ट्रात इतक्या वेळा दुसरं कुणी निवडून आलेलं नाही. 'जागतिक विक्रम' वगैरे जे म्हणतात ते मात्र सोडून द्या. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा आले होते. आबासाहेबांचं मोठेपण सांगायला असल्या विक्रमाची गरजही नाही.

त्यांचा एसटीचा प्रवास, त्यांची साधी राहणी याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. माझ्या मते एसटीने कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. साधेपणा लोकांना आवडतो, पण साध्या माणसाला लोक नमस्कार करतात आणि मत दुसऱ्याला देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या माणसाच्या बाबतीत बघायचं ते वेगळंच आहे. १९७८ चं शरद पवारांचं पुलोद सरकार आणि १९९९ नंतरची काही वर्षं सोडली, तर त्यांची जवळपास सगळी आमदारकी विरोधी बाकावर गेली. सत्ता नाही, खातं नाही, मुख्यमंत्री आपला नाही. तालुका माणदेशातला, पावसाच्या नावाने बोंब. तरी लोक निवडून देत राहिले. म्हणजे सत्तेबाहेरच्या आमदाराच्या हातातही काहीतरी असतं, आणि ते त्यांना वापरता येत होतं.

ते काय असतं, हे मला तात्यांच्या दप्तरात कळलं.

तात्या पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांची समजूत तुमच्यासारखीच होती. आमदार म्हणजे फोन करणारा माणूस. फोन केला की तहसीलदार हलतो, अभियंता हलतो. पहिले सहा महिने त्यांनी फोनच केले. मग एका रब्बीला डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, जळायला लागल्या. सरकारी कागदात त्याला रोहित्र म्हणतात, पण रोहित्र जळालं असं म्हणत आमच्या दारात कधी कुणी आलं नाही. सकाळी साडेसहाला अंगणात माणसं बसलेली असायची. ज्वारी पोटरीत, विहिरीत पाणी आहे, मोटर आहे, वीज नाही. तात्या फोन करायचे, तिकडून 'करतो साहेब' यायचं, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस परत अंगणात. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो काही बोललाच नाही. येताना वाळलेल्या ज्वारीची दोन ताटं उपटून आणली होती, ती पायरीवर ठेवली आणि गेला. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर आम्ही वही घातली. गाव, डीपी कुठल्या मळ्यातली, तिच्यावर किती पंप, कुठल्या तारखेला जळाली, कुठल्या तारखेला बदलली. प्रत्येक गावात एक माणूस धरला आणि दर आठवड्याला विचारून नोंदी केल्या. हंगाम संपला तेव्हा एकेचाळीस नोंदी झाल्या होत्या. त्यावर तारांकित प्रश्न लावला, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न.

तारांकित प्रश्नाची भाषा ज्याने वाचली नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. तात्यांनी पहिला मसुदा सांगितला तो असा: 'आमच्याकडं डीपी जळाली की महिना महिना कोण फिरकत नाही, हे सरकारला दिसतं का?' विधानमंडळात हा प्रश्न असा जातो: '(१) अमुक तालुक्यातील कृषिपंपांना वीजपुरवठा करणारी रोहित्रे नादुरुस्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, ती बदलण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: 'हे अंशतः खरे आहे.' पुढे 'प्रश्न उद्भवत नाही.' ज्या आमदाराकडे वही नाही त्याचं काम या 'अंशतः'पाशीच आटोपतं. तो खाली बसतो. तात्यांनी उपप्रश्न विचारला की अंशतः म्हणजे एकेचाळीसपैकी किती, आणि चार गावांची नावं तारखांसकट वाचली. मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. सभागृहात मंत्र्याने मागे वळून पाहणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. त्यांना आश्वासन द्यावं लागलं. पुढच्या रब्बीला आमच्या विभागात डीपी राखीव ठेवल्या गेल्या.

हे सांगण्याचं कारण, आश्वासनालाही सभागृहात एक घर आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे नोंदला जातो, ठराविक मुदतीत पूर्तता झाली नाही तर खात्याच्या सचिवाला उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, नियम २९३ खालचा प्रस्ताव आहे, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना आहे. यांना आम्ही 'आयुधं' म्हणतो. ती २८८ जणांना सारखी मिळतात, सत्ताधारी असो वा विरोधी. बहुतेकांची गंजून जातात. शेकापचे जुने लोक, आबासाहेब आणि विशेषतः एन. डी. पाटील, या आयुधांवरच जगले, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

या कामात शेतकऱ्याच्या घरातून आल्याचा फायदा कुठे होतो म्हणाल, तर भाषणात होत नाही. 'मीही शेतकऱ्याचा मुलगा' हे वाक्य आता सभागृहात कुणी ऐकतही नाही, निम्मं सभागृह शेतकऱ्याचं मूल आहे. फायदा होतो तो बारकाव्यात. पैसेवारीचंच घ्या. जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. चांगलं पीक म्हणजे रुपया धरून, यंदाचं पीक त्यातले किती पैसे याचा अंदाज घेऊन खरिपाची आधी हंगामी, मग सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी लागते. पूर्वी ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. मग जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू बिलात साडेतेहतीस टक्के सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील. एका गावाची पैसेवारी एकदा बावन्न लागली. बाजूची सगळी गावं चाळीसच्या घरात. तात्या त्या गावाला गेले आणि पीक कापणीचे प्लॉट, म्हणजे उत्पन्न मोजायला निवडलेले तुकडे, कुठे टाकले तेवढंच विचारलं. बघितलं तर प्लॉट ओढ्याकाठच्या मळईत, म्हणजे गाळाच्या कसदार जमिनीत, पडलेले. विहिरीच्या पाण्यावरची बाजरी आणि माळावरची बाजरी यातला फरक कागदावर दिसत नाही, बांधावर दिसतो. शहरातला हुशार आमदार तो तक्ता पाहून अन्याय झाला म्हणाला असता, पण अन्याय नेमका कुठल्या बांधावर झाला हे त्याला दाखवता आलं नसतं.

केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीने दुष्काळ ठरवायची रीत बदलली. पावसातली तूट आणि खंड, मातीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, हे निकष ओलांडले की पहिला ट्रिगर, दुसरा ट्रिगर, म्हणजे धोक्याच्या दोन पायऱ्या, त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुके जाहीर केले ते याच रीतीने. आता आमदाराला उपग्रहाची भाषाही यायला लागते. 'आमच्याकडे पाऊस नाही' म्हणून चालत नाही, महसूल मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र कुठे बसवलंय हे विचारावं लागतं. एका मंडळात यंत्र डोंगराच्या पायथ्याला आणि शेतं दहा किलोमीटर पलीकडे पर्जन्यछायेत, असे प्रकार असतात.

आता दप्तराचं. तात्यांच्या माजघरात कापडी बस्ते होते, तलाठ्याकडे असायचे तसले. लाल बस्ता पाण्याचा, पिवळा रस्त्यांचा, तिसरा निव्वळ माणसांचा, म्हणजे कुणाची वारसनोंद, कुणाचा अपघात विमा. दिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, त्यावर मंत्रालयाचा आवक क्रमांक, फाईल कुठल्या टेबलावर आहे त्याची पेन्सिलीने नोंद. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, वरचे सचिव, मग मंत्री. फाईल वर जाते आणि एका शेऱ्यावर पुन्हा खाली येते. ती खाली आल्याचं आमदाराला कुणी कळवत नाही. ते आपणच जाऊन पाहायचं असतं. माझी निम्मी नोकरी त्यात गेली. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली, तेव्हा आमच्या एका पाझर तलावाच्या दुरुस्तीची फाईल सापडेना. तात्यांनी बस्ता सोडला, सतरा कागदांचा गठ्ठा झेरॉक्स करून दिला आणि त्यावरून नवी फाईल उभी राहिली. ज्यांच्याकडे प्रत नव्हती त्यांचं काम पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरू झालं.

पाण्याच्या कामाला तर एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी आटपाडीच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षं भरत गेल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव हे सगळे त्यात होते. योजना मंजूर होणं, पैसे पडणं, पंप बसणं, कालवा तालुक्याच्या शिवेवर येणं, आणि त्यानंतर पोटचारी शेतापर्यंत पोचणं, या प्रत्येक टप्प्याला निवडणुका येऊन जातात. पाच वर्षांत दाखवण्यासारखं काही नसताना लोकांना थांबवून धरायचं, आणि ते थापा न मारता. तात्यांना ते नीट जमलं नाही. एका निवडणुकीआधी त्यांनी 'पुढच्या उन्हाळ्यात पाणी' असं बोलून टाकलं. उन्हाळा आला, पाणी आलं नाही, आणि २००४ ला ते पडले. मला विचाराल तर त्यांच्या पराभवाचं कारण तेवढं एकच वाक्य.

आबासाहेबांबद्दल मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, तिच्यावर फार कुणी लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रात शेतकऱ्याचा पोरगा राजकारणात वर चढतो त्याची पायवाट ठरलेली आहे. गावची विकास सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद, बाजार समिती, मग साखर कारखाना, मग आमदारकी. आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून आले, पण कारखान्याच्या वाटेला न जाता. ते अपवादच. कारखान्याचा अध्यक्ष झालेला आमदार एकाच वेळी ऊस घालणाऱ्याचा प्रतिनिधी असतो आणि ऊस घेणाराही असतो. तोडीनंतर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ती थकली, तर हा आमदार तारांकित प्रश्न कुणाविरुद्ध लावणार? मी अधिवेशनांत पाहिलंय, उसाच्या पट्ट्यातली मातब्बर माणसं त्या विषयावर अचानक खोकायला लागतात.

सांगोल्यात आबासाहेबांनी उभी केली ती सूतगिरणी, जिथे कापसाचं पीक नाही अशा तालुक्यात. लोक याकडे धाडस म्हणून पाहतात. मला त्यात वेगळं काही दिसतं. गिरणीने गावच्या पोरापोरींना काम दिलं, पण मतदार शेतकऱ्याचा माल काही तिच्या काट्यावर आला नाही. त्यामुळे भावावरून, काट्यावरून, थकबाकीवरून आमदार आणि शेतकरी समोरासमोर उभे राहण्याची वेळच आली नाही. ठरवून केलं की तसं झालं, हे मी सांगू शकत नाही. पण अर्धशतक मतदारांशी नातं टिकण्यात याचा वाटा असणार.

पैशाचा प्रश्न. निवडणूक आयोगाची विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे. तेवढ्यात निवडणूक होते असं मी म्हणालो तर तुम्ही हसाल, आणि होत नाही असं म्हणालो तर पुरावा मागाल. तेव्हा राहू द्या. एवढं सांगतो की तात्यांनी पहिली निवडणूक दोन एकर विकून लढवली आणि शेवटच्या निवडणुकीआधी आणखी एक एकर विकायची वेळ आली. माजी आमदाराला पेन्शन मिळते, एका मुदतीला महिना ५० हजार आणि पुढच्या दर वर्षामागे २ हजार वाढ, हे लोक रागाने सांगतात. रागाचं कारण मला पटतं. पण पडल्यावर पाच वर्षं ज्याने अंगणातली गर्दी चहा पाजून सांभाळली आहे, त्याच्या बायकोला विचारून बघा.

अंगण मात्र पडल्यावरही बंद करायचं नसतं. १९२ मतांनी पडलेला माणूस चार वर्षांनी परत येतो, तो मधल्या चार वर्षांत लग्नाला, मयताला, तहसीलला दिसत राहिला म्हणून. २०१९ ला आबासाहेब वयामुळे थांबले, नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब त्याच पक्षाकडून निवडून आले. घराणेशाहीबद्दल माझं मत तुमच्यासारखंच असेल, पण सांगोल्यात अंगण उघडं राहिलं हेही तितकंच खरं.

तुम्हाला स्वतःला उभं राहायचं असेल, असा वास तुमच्या प्रश्नाला येतोय. तर आधी एक हंगाम वही घाला. एकच विषय घ्या, डीपी घ्या, नाहीतर पैसेवारी. तारखा लिहा. वही भरेपर्यंत बॅनर लावू नका.

आणि तुमचा रस्ता. इथे तुम्ही चार खेपांत वेळ घालवून बसलात, याचं मला खरंच वाईट वाटलं. वहिवाटीचा चालू रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करायचा असतो, आणि तो अडवल्यापासून सहा महिन्यांत. तुमची ती मुदत कधीच उलटली. पण अजून दोन वाटा आहेत. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. त्यात तुमची पाणंद दुहेरी तुटक रेषेने दाखवली असेल तर तो नकाशावरचा गाडीमार्ग आहे. त्यावरचं अतिक्रमण काढून द्या असा अर्ज तहसीलदारांकडे करा, मोजणीची मागणी त्यातच लिहा. नकाशात रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३: बांधावरून नवा रस्ता मिळण्याचा अर्ज. त्यात शेजाऱ्यांचे गट नंबर आणि नावं, तुमचा सातबारा, कच्चा नकाशा आणि दुसरा रस्ता नसल्याचं स्पष्ट वाक्य हवं. तहसीलदार जागेवर येऊन पाहतील, तेव्हा शेजाऱ्याशी भांडू नका.

आमदारांचं पत्र यातल्या कुठल्याही अर्जाला लागत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या.